वाचणारी गर्दी, लिहिणारी गर्दी

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत मामांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दुकान सांभाळून त्यांनी पीएचपीत एक साइट लिहिली आहे. कन्नड, लासूर स्टेशन, वैजापूर इथल्या बाजारांतले अद्रक, मका, कांदा, कापूस अशा पिकांचे भाव तिच्यावर रोज चढतात. भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. भाव हलायला लागले की साइट बसते, एवढ्यावर दोघांचं एकमत आहे. ती का बसते नि तिचं काय करावं, यावर मात्र नाही.

भाची : मामा, राग मानू नका, पण ही साइट आता टाकून द्या नि गोमध्ये नव्यानं लिहा. पीएचपीचे दिवस गेले.

मामा : दिवस माझेही गेलेत. तिच्यात बिघडलंय काय, ते तर सांग.

भाची : बिघाड रचनेतच आहे. एक विनंती आली की पीएचपी शून्यापासून उठतं, फाइली उघडतं, डेटाबेसशी जोडणी करतं, पान बनवतं नि संपतं. पुढची विनंती आली की पुन्हा पहिल्यापासून. गो किंवा नोडमधला प्रोग्रॅम एकदा सुरू झाला की जागाच राहतो.

मामा : ते संपतं, हेच तर मला हवंय. माझ्या कोडमध्ये काही सांडलं-लवंडलं तरी पान तयार झालं की सगळं साफ. एकाच्या पानातला कचरा दुसऱ्याच्या पानात जात नाही. आणि फाइली दरवेळी नव्यानं वाचतं म्हणतेस, ते जुनं झालं. २०१३च्या ५.५ आवृत्तीपासून ऑपकॅश पीएचपीसोबतच येतं. कोड एकदा वाचायचा, त्याचं चालवण्याजोगं रूप मेमरीत ठेवायचं, पुढच्या वेळी तेच वापरायचं.

भाची : तुमच्याकडे ते चालू आहे?

मामा : असेल की. होस्टिंगवाल्यानं केलंच असेल.

भाची : ‘असेल’वर साइट चालत नसते. हे बघा, पॅनेलमध्ये बंद दिसतंय. आणि आवृत्ती ७.४. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२मध्येच थांबलंय.

मामा : आवृत्ती बदलली की एक जुनी लायब्ररी मोडते, म्हणून राहिलं ते.

भाची : मग तिच्या जागी दुसरी शोधायची. पीएचपी ७ आलं डिसेंबर २०१५ला. ५.६च्या मानानं पुष्कळ साइट्स जवळपास दुप्पट वेगानं चालू लागल्या, मेमरीही कमी लागू लागली, कारण चल राशी मेमरीत ठेवायची पद्धतच त्यांनी आतून बदलली. कोडमध्ये फारसं काही न करता लोकांना एवढा फायदा मिळाला. ७वर आल्यावर तो तुम्हालाही मिळाला, आणि आता पुढं जायला मात्र एका लायब्ररीपायी अडून बसलात.

मामा : बरं, आवृत्ती बदलतो, ऑपकॅश चालू करतो. ८.०मध्ये तो जेआयटी कंपायलरही आलाय म्हणे. तोही लावतो.

भाची : लावा, पण आशा धरू नका. जेआयटी आकडेमोडीला उपयोगी, चित्रं नाहीतर गणितं असतील तिथं. तुमची साइट आकडेमोड करतच नाही, ती डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसते. वाट बघण्याचा वेग जेआयटीनं वाढत नाही.

मामा : आत्ता कसं बोललीस! वेळ जर वाट बघण्यातच जातो, तर गोमध्ये लिहून काय होणार? गोसुद्धा त्याच डेटाबेसची वाट बघेल.

भाची : गो एका वेळी हजारोंसाठी वाट बघू शकतं. तुमचा पीएचपीचा एक वर्कर एकाच माणसासाठी अडकून पडतो. कागद घ्या, हिशेब मांडू. सर्व्हरला चार जीबी रॅम धरा. डेटाबेस नि बाकीच्यांना एक सोडली तर उरली तीन. एक वर्कर साठ एमबी खातो असं धरलं तर वर्कर किती?

मामा : पन्नास.

भाची : एक पान तयार व्हायला दोन सेकंद लागत असतील तर पन्नास वर्कर सेकंदाला पंचवीस पानं देतील. सव्विसावा माणूस रांगेत. पुढच्या सेकंदाला रांग आणखी वाढते.

मामा : आणि तेच पान एक दशांश सेकंदात झालं तर?

भाची : तर पाचशे. प्रोसेसरला तेवढं झेपलं तर.

मामा : म्हणजे मशीन तेच, वर्कर तेवढेच, भाषाही तीच, आणि पंचविसाची पाचशे पानं. वीस पटीचा फरक पानाच्या वेळेत दडलाय. तू मला भाषा बदलायला सांगत होतीस.

भाची : आणि तुमच्यासारखे लोक रांग दिसली की पन्नासाचे दोनशे वर्कर करून ठेवतात. रॅम संपते, मशीन डिस्कवर अदलाबदल करायला लागतं नि हळू चाललेली साइट पार झोपते. वर्करची संख्या रॅमला भागून काढायची, हौसेनं नाही. पण मग ते दोन सेकंद जातात कुठं?

मामा : ते मला तरी कुठं ठाऊक?

भाची : हाच तुमचा नि माझा खरा वाद आहे. तुम्हाला साइट हळू आहे एवढंच माहीत आहे, कुठं हळू आहे ते नाही. पीएचपीचे वर्कर सांभाळणाऱ्या एफपीएमची हळू विनंत्यांची नोंद चालू करा: एका सेकंदापेक्षा जास्त लागला की कोणत्या ओळीवर अडकलं ते लिहून ठेवतं. मायएसक्यूएलची हळू क्वेऱ्यांची नोंद वेगळी असते, तीही चालू करा. सरासरी बघू नका. शंभरातल्या पंचाण्णवांना किती वेळात पान मिळालं ते बघा, उरलेल्या पाचांना किती लागला तेही बघा. सरासरी छान दिसते नि फोन त्या पाचांचे येतात.

मामा : हे पटलं. मुखपृष्ठाचं तर मी इथंच सांगतो. तीन बाजार, बारा पिकं. प्रत्येक बाजारात जातो, प्रत्येक पिकाचा आजचा भाव मागतो. लूपमध्ये लूप आहे.

भाची : म्हणजे छत्तीस क्वेऱ्या! एका पानाला! मामा, एका क्वेरीत सगळे भाव येतात. बाजार, पीक नि तारीख या तिघांवर मिळून एक इंडेक्स घाला. मग एक्सप्लेन लावून बघा, डेटाबेस सगळा तक्ता चाळतोय की नेमक्या ओळी उचलतोय. आणि जुन्या भावांच्या यादीत पाचशेव्या पानावर जाताना आधीच्या सगळ्या ओळी मोजून सोडून देत असाल, तर तेही बंद. शेवटी दिसलेल्या तारखेच्या मागचे वीस द्या, असं विचारायचं.

मामा : ते करतो. पण माझं म्हणणं आणखी पुढचं आहे. भाव दिवसातून दोनदा बदलतात. मग ती एक क्वेरी तरी दर माणसामागं का चालवायची? भाव चढवला की पान एकदा बनवून ठेवावं, एनजिनएक्स या वेब सर्व्हरनं ते उचलून द्यावं. पीएचपीला उठवायचंच नाही. न उठलेल्या पीएचपीपेक्षा वेगवान तुझं गोसुद्धा नाही.

भाची : कॅश. बरोबर आहे.

मामा : मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातलंच उदाहरण देतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तो मीडियाविकीवर चालतो नि मीडियाविकी पीएचपीत लिहिलंय. मायबोली, मिसळपाव ड्रुपलवर उभ्या राहिल्या, तेही पीएचपीच. विकिपीडियानं २०१८ला सिंगापुरात कॅशचं केंद्र उघडलं. इथून कुणी लेख उघडला नि लॉगइन केलेलं नसलं, तर बहुतेक वेळा तयार पानच मिळतं. मूळ सर्व्हर अमेरिकेत आहेत, त्यांच्यापर्यंत विनंती पोचतही नाही.

भाची : त्याच विकिपीडियाची दुसरी बाजूही सांगा. पीएचपी पुरेना म्हणून २०१४ला ते फेसबुकच्या एचएचव्हीएम या इंजिनावर गेले.

मामा : आणि २०१९ला पीएचपी ७वर परत आले. फेसबुकनं आपली वेगळी हॅक भाषा काढली, एचएचव्हीएमनं पीएचपीची साथ सोडली. तोवर पीएचपी स्वतःच वेगवान झालं होतं. फेसबुकएवढी गर्दी नि फेसबुकएवढे इंजिनिअर ज्याच्याकडे आहेत, त्यानं स्वतःचं इंजिन बनवावं. माझ्याकडे एक दुकान आहे.

भाची : मान्य. पण कॅश लावली की सुटलो, हेही खरं नाही. २५ जून २००९ला मायकल जॅक्सन गेला. त्याच्या लेखावर जग लोटलं नि विकिपीडियाच अडखळला. लेख कॅशमध्ये नव्हता का? होता. पण बातमी येईल तसे लोक लेख बदलत होते. बदल झाला की कॅशमधलं पान बाद. लेख मोठा, संदर्भांनी भरलेला, पुन्हा बनवायला वेळ लागणारा. तो बनत असतानाच शेकडो विनंत्या येत होत्या. कॅशमध्ये पान नाही म्हटल्यावर प्रत्येक विनंती तेच पान स्वतः बनवायला बसली. एकच काम शेकडो ठिकाणी एकदम.

मामा : मग त्यांनी काय केलं?

भाची : पूलकाउंटर लिहिला. एक पान एकानंच बनवायचं, बाकीच्यांनी थांबायचं, नाहीतर जुनी प्रत घेऊन जायचं. तुमच्या साइटला हेच लागू. कांद्याचा भाव दुपारी बदलला नि तुम्ही कॅश पुसलीत की त्याच क्षणी आलेले सगळे छत्तीस-छत्तीस क्वेऱ्या घेऊन डेटाबेसवर धावतील. म्हणून पुसायचं नाहीच. नवं पान बाजूला बनवा, पूर्ण झालं की जुन्याच्या जागी ठेवा.

मामा : हे मी केलं नव्हतं. करतो.

भाची : आणखी एक. पान दशांश सेकंदात तयार झालं, पण त्यावर अद्रकाच्या ढिगाचा चार एमबीचा फोटो आहे. शेतात एका दांडीच्या रेंजवर तो उतरायला किती वेळ लागेल? शेतकरी म्हणणार साइट हळू, तुम्ही म्हणणार सर्व्हर वेगवान, आणि दोघंही खरं बोलणार.

मामा : फोटो वेबपीमध्ये करून शंभर केबीच्या आत आणतो. झालं? मग आता माझं म्हणणं मान्य कर: कामच कमी करा, मशीन वाढवायची वेळ येत नाही.

भाची : भावांच्या साइटपुरतं मान्य. पण तुमच्या दुकानात वर्षातून दोनदा जी गर्दी होते, तिला तुमचा हा मंत्र एकदा चालेल नि एकदा मुळीच चालणार नाही.

मामा : कोणती गर्दी?

भाची : दहावीचा निकाल नि अकरावीचा प्रवेश. २०२५चंच घ्या. दहावीचा निकाल १३ मेला दुपारी एक वाजता लागला. नियमित परीक्षार्थी साडेपंधरा लाखांच्या आसपास. प्रत्येकानं पहिल्या दहा मिनिटांत एकदाच बघितला असं धरलं तरी सेकंदाला अडीच हजारांहून जास्त विनंत्या होतात. आणि एकदाच बघतो कोण?

मामा : एकदाच कुणी बघत नाही. पान उघडलं नाही की पोरं रिफ्रेश दाबत सुटतात. मामा, काका, मावशी आपापल्या मोबाइलवरून वेगळे बघतात.

भाची : आणि कंटाळून टॅब बंद केला तरी रांगेतली विनंती राहतेच. गेलेल्या माणसासाठी पीएचपी पान बनवत बसतं. तरीही निकाल सोपा आहे. तो एक वाजल्यानंतर बदलत नाही. प्रत्येकाची गुणपत्रिका आधीच दोन केबीच्या फाइलीत बनवून ठेवा. पंधरा लाख फाइली म्हणजे तीन जीबी, एका मशीनच्या मेमरीत मावतात. तशी मशीनं वेगवेगळ्या ठिकाणी दहा लावा. एकमेकांशी बोलायची त्यांना गरजच नाही. मंडळ निकाल अनेक संकेतस्थळांवर नि डिजिलॉकरवर देतं, त्यातही गर्दी वाटून टाकण्याचंच शहाणपण आहे.

मामा : म्हणजे माझाच मंत्र. फक्त बैठक क्रमांक ओळीनं असतात नि आईचं नाव अंदाजानं टाकता येतं. कुणी प्रोग्रॅम लावून सगळ्यांचे निकाल ओरपू नयेत म्हणून एका पत्त्यावरून मिनिटाला किती विनंत्या घ्यायच्या, त्याला बांध घालायचा.

भाची : घालायचाच. पण ही झाली वाचणारी गर्दी. आता लिहिणारी बघा. २०२५ला अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा सगळ्या राज्यासाठी एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं झाले. नोंदणी २१ मेला सुरू व्हायची होती. संकेतस्थळ चाललं नाही नि ती २६ मेवर गेली. इथं प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, प्रत्येक पान लॉगइन केलेल्याचं. काय कॅश करणार?

मामा : कॉलेजांची यादी, माहितीपत्रक, जिल्हे-तालुके.

भाची : ते करा, बोजा तेवढा हलका होईल. पण शेवटी ‘सबमिट’ दाबलं की डेटाबेसमध्ये लिहावं लागतंच. तिथं तुमचा मंत्र संपतो. तिथं मशीनं वाढवावी लागतात, आणि वाढवता यावीत अशी साइट आधीपासून लिहिलेली असावी लागते. तुम्ही सेशन, म्हणजे कोण लॉगइन आहे याची नोंद, कुठं ठेवता?

मामा : फाइलीत. पीएचपी ठेवतं तिथंच.

भाची : मग दुसरं मशीन लावलंत की पोरगं पहिल्या मशीनवर लॉगइन करणार, पुढची विनंती दुसऱ्यावर जाणार नि ते म्हणणार, तू कोण? कोडला हात न लावता दुसरं मशीन लागेल असं वाटत असेल, तर तो समज तिथंच मोडतो. सेशन सगळ्या मशीनांना वाचता येईल अशा रेडिससारख्या साठ्यात न्या. अपलोड केलेले दाखले मशीनच्या डिस्कवर ठेवू नका, सगळ्यांना पोचेल अशा साठ्यात ठेवा. आणि फाइलीतल्या सेशनला कुलूप असतं. एकाच पोराच्या पानातून चार विनंत्या एकदम निघाल्या तर चौघी एकामागोमाग एक चालतात. सेशनचं काम झालं की ते लगेच मिटवून टाकायचं.

मामा : मशीनं वाढवलीस, वर्कर वाढले. डेटाबेस?

भाची : तोच एक.

मामा : मग लासूरच्या बाजारात शंभर ट्रॅक्टर आले नि भुईकाटा एकच असला, तर रस्ता चौपदरी करून काय उपयोग? वीस मशीनांचे हजार वर्कर एकाच डेटाबेसवर तुटून पडतील. त्याच्या जोडण्या संपतील नि आधी वीस जणांचं तरी होत होतं, आता कुणाचंच होणार नाही.

भाची : हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. मशीनं वाढवणाऱ्यांची नेहमीची फजिती हीच. वाचायच्या क्वेऱ्यांसाठी डेटाबेसच्या प्रती ठेवता येतात, पण लिहिणं मुख्य डेटाबेसवरच. म्हणून लिहिण्याच्या क्षणी अगदी थोडं काम ठेवायचं. फॉर्म घ्या, एका ओळीत नोंदवा, अर्ज क्रमांक द्या, मोकळे व्हा. एसएमएस पाठवणं, पावतीची पीडीएफ बनवणं, दाखल्याचा फोटो लहान करणं, ही कामं रांगेत टाका. मागं वेगळे वर्कर ती सावकाश करतील.

मामा : आणि पोरानं सबमिट तीनदा दाबलं तर?

भाची : फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक द्यायचा. तो डेटाबेसमध्ये एकदाच बसू शकेल असं बंधन घालायचं. दुसऱ्यांदा आला तर जुनीच पावती दाखवायची. तरीही झेपेना, तर दारातच प्रतीक्षाकक्ष. आत दोन हजार, बाहेरच्यांना त्यांचा नंबर दिसतो. अर्धवट उघडलेल्या पानापेक्षा आपला नंबर दिसलेला माणूस शांत राहतो.

मामा : यातलं काहीच गोवाचून अडत नाही.

भाची : नाही अडत. तरी एक सांगते. पीएचपीतही आता जागा राहणारा वर्कर आहे. स्वूल, रोडरनर, फ्रँकनपीएचपी, लॅराव्हेलचं ऑक्टेन. अ‍ॅप एकदाच उठतं नि मेमरीत राहतं.

मामा : मग एकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर दिसायची भीतीही आली. स्टॅटिक चल राशीत काही उरलं तर पुढच्या विनंतीला तेच मिळणार. माझ्या कोडमध्ये अशा जागा किती आहेत, ते माझं मला माहीत. मी घेणार नाही.

भाची : मी घेईन, पण चाचण्या लिहून झाल्यावर. इथं आपलं जमायचं नाही. बाकी क्रम तरी ठरला? आधी मोजायचं. मग आवृत्ती नि ऑपकॅश. मग क्वेऱ्या, इंडेक्स. मग कॅश. सेशन नि फाइली मशीनबाहेर. आणि सगळ्यात शेवटी मशीनं. खोटी गर्दी सोडून ताण द्यायचा तो गर्दीच्या आधी, त्या दिवशी नाही.

मामा : क्रमात एक पायरी राहिली. ती सर्व्हरवर नसते, परिपत्रकात असते.

भाची : म्हणजे?

मामा : ‘अमुक तारखेला सकाळी अमुक वाजता सुरू’ असं लिहिलं की गर्दी आपणच बनवतो. माझ्या दुकानात पहिल्या दिवशी पहाटे पालक येऊन बसतात, कारण त्यांना वाटतं आधी भरलं तर आधी मिळेल. अकरावीच्या नियमित फेऱ्यांत यादी गुणांवर लागते. पहिल्या तासात भरला काय नि मुदतीच्या शेवटच्या तासात भरला काय, यादीतली जागा तीच. हे परिपत्रकाच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहा. जिल्ह्यांना दिवस वाटून द्या. कुठलीही भाषा न बदलता गर्दी पाच दिवसांवर पसरते.

भाची : लोक विश्वास ठेवणार नाहीत. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो, हे त्यांनी अनुभवलंय, म्हणूनच ते पहिल्या दिवशी येतात. आधी शेवटच्या दिवशी न बसणारी साइट द्या, मग तुमची ती ओळ कुणी वाचेल.

मामा : आणि ओळ नसेल तर तुझी साइट पहिल्याच दिवशी बसेल. दोन्ही लागतं म्हण की.

भाची : दोन्ही लागतं. पण तुमची साइट तर वाचणाऱ्यांचीच आहे. तिथं निमित्त सांगायला जागा नाही. ती छत्तीस क्वेऱ्यांची एक करा नि ऑपकॅश चालू करा, आजच.

मामा : आणि पुढं कधी शेतकऱ्यांना भावाच्या सूचनांसाठी नोंदणी करायला लावली तर?

भाची : तर ती लिहिणारी गर्दी होईल. तेव्हा सेशन फाइलीत ठेवून सुरू केलीत, तर मी फोन उचलणार नाही.